आधी आपला हिस्लॉप, मग वास्को

घुग्घुस,
तान्हा पोळा

चि. रेवती,

तुझं पत्र मिळालं. दारात पोट्टे लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला येताहेत, म्हणून हे पत्र उठत-बसत लिहिते आहे.

जुने प्रवासी आणि मिशनरी चौथी-पाचवीच्या पोरांना कसे शिकवू, असं तू विचारलंस. सिरोंच्याकडच्या तुझ्या वर्गात निम्म्यांनी आगगाडी पाहिलेली नाही. 1498 मधलं कालिकतचं बंदर आणि तिथे लागलेली वास्को-द-गामाची जहाजं त्यांच्या डोळ्यांपुढे येणार कशी? माझं ऐकशील तर वास्कोला जरा थांबव. आधी आपल्या मुलखात आलेला गोरा माणूस घे.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुला माहीत आहेच. ते ज्याच्या नावाचं, तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा पाद्री. 1845 मध्ये तो नागपूरला आला तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं, पण कामठीला इंग्रजांची छावणी होती आणि मिशन उभं राहिलं ते तिच्या आडोशाने. आला होता धर्मप्रसारासाठी, हे पोरांना सरळ सांग, आडपडदा नको. त्याने शाळा काढली, मराठी शिकला, आणि गावोगाव फिरताना दगड गोळा करायचा नाद त्याला लागला. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर, आपल्या वर्धा खोऱ्यातल्या मांगलीला एका उभयचर प्राण्याची चपटी कवटी दगडात सापडली. ती पार लंडनला गेली. तिथे रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये तिचं बारसं केलं, ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. 'डायनोसॉर' हा शब्द काढला तोच हा ओवेन, एवढं म्हटलंस की मागच्या बाकावरचेसुद्धा पुढे सरकतात.

इथेच मी वर्गात विचारायची, दगड कोणी फोडला असेल? साहेबाला मांगलीची वाट कोणी दाखवली असेल? त्याला भाकर कोणी दिली? पोरं भराभर सांगतात: वाटाड्या, गाडीवाला, पाटील, खानसामा. खाणकामगारांची पोरं तर हमखास म्हणतात, "बाई, दगड साहेब नाही फोडत." 1795 मध्ये ब्लंट नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी चुनारहून निघून वैरागडवरून पार गोदावरीकडे उतरला. त्याच्या प्रवासालाही हेच प्रश्न लाव. मग वास्कोकडे जा. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून त्याला समुद्र ओलांडून आणणारा वाटाड्या होताच. तेवढ्यापुरता तो धडा पोरांना आपला वाटतो.

आता अवघड भाग. एका वर्षी एका गोंड मुलाने मला विचारलं, "ज्यांनी बाबुरावांना फासावर दिलं, त्यांच्यातलाच ना हा?" इंग्रजांविरुद्ध उठलेले बाबुराव शेडमाके आपल्याकडे पोरांना पाठ्यपुस्तकाआधी घरात कळतात. मी फळ्यावर सालं मांडली. 1854, नागपूरचं राज्य खालसा, चांदा कंपनीकडे. 1855, मांगलीच्या कवटीला नाव. 21 ऑक्टोबर 1858, चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी. मग त्याला सांगितलं, हिस्लॉपने फाशी दिली नाही, पण ज्या राजवटीने दिली तिच्याच छत्राखाली तो निवांत फिरत होता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही तुझ्या वहीत राहू दे. नऊ वर्षांच्या पोराला हे झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी पोरांचं बोलणं कधी नीट ऐकलेलं नसतं.

त्याच हिस्लॉपने गोंडांची लिंगोची गाथा एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, उतरवून घेतली. पण 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना, बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याची टिपणं इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये छापली, गोंडी शब्द रोमन लिपीत आणि शेजारी इंग्रजी. हिस्लॉपचं नाव कॉलेजला मिळालं, टेंपलचं पुस्तकावर आलं. गाणाऱ्या परधानाचं नाव आज कोणाच्या तोंडी आहे? तुझ्या वर्गातल्या एखाद्याच्या आजाला लिंगोची कथा येत असेल. त्याला शाळेत बोलाव, खुर्ची दे, आणि तो गोंडीत सांगेल तर मध्ये बोलू नको. तुला कळलं नाही तरी चालेल, पोरं तुला समजावतील. त्या दिवशी शिकवणारे ते असू देत.

एक मात्र करू नको. झगा घातलेला पाद्री आणि डोक्याला पिसं बांधलेला आदिवासी असलं नाटुकलं बसवू नको. पाहुण्यांसमोर टाळ्या पडतात, पण पिसंवाल्या पोराच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात चौथीची पोरं वर्षानुवर्षं साखरेच्या चौकोनी खड्यांची मिशनं बनवत आली. 1769 पासून स्पॅनिश पाद्र्यांनी तिथे एकवीस मिशनं उभारली, आणि त्यांच्या आवारात तिथले मूळ लोक सक्तीच्या कामाने आणि नव्या रोगांनी हजारोंनी मेले. साखरेच्या भिंतीत ते कुठे दिसणार? आता तिथले शिक्षकही यावर बोलू लागले आहेत. आणि तुझ्या वर्गात ख्रिस्ती घरातलं पोर असेल तर पाद्र्याबद्दल बोलताना त्याच्याकडे बोट जाईल असं काही बोलू नको. त्याच्या आजीने कुठला देव मानला, हा धड्याचा विषय नाही.

पार्सलात एक दगड पाठवते आहे. काकांनी खाणीतून आणलेला, कोळशाबरोबर निघणारा काळपट, पापुद्र्यांचा. त्यावर मोहाच्या पानाएवढा लांबट ठसा आहे. मधली शीर जाड, दोन्हीकडे जाळीदार रेषा. उन्हात तिरका धर, तरच जाळी दिसते, समोरून पाहिलंस तर नुसता दगड. हे ग्लॉसोप्टेरिस, पंचवीस कोटी वर्षांपलीकडचं झाड. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे साथीदार बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीत सुमारे 16 किलो दगड होते. अंगात त्राण नसताना ओढलेले, आणि त्यात याच झाडाची पानं. तिथेही जंगल होतं, आपल्याकडेही, आणि जमीन एकसंध होती. स्कॉटचं कौतुक करताना मी हात आखडता घेत नाही. त्या बर्फात वाट दाखवायला कोणी गाववाला नव्हता, हे पोरं आपणहून सांगतात.

तुझ्या जवळच, प्राणहितेच्या काठी कोट्याला चुनखडीत जुरासिक काळचे मासे सापडले आहेत, जाड चकचकीत खवल्यांचे. एकाचं नाव 1851 पासून पुस्तकात आहे. पोरांना तिथे न्यायचं तुझ्या मनात आहे, ते चांगलंच. पण मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे, पालकांतले दोघे सोबत ठेव, दगड उचलून आणू देऊ नको, आणि नदीचं पाणी पुरतं उतरल्याशिवाय, म्हणजे दिवाळीनंतरच, निघ. खर्चाची अडचण असेल तर लाजू नको, कळव.

तुझी मावशी