एका कान्याचा फरक

सोमवार, सकाळचे साडेदहा. हातात मशीनची कॉफी, समोर स्क्रीन आणि स्क्रीनवर एक प्रश्न: या दोन नोंदी एकच आहेत का? खाली दोन बटणं. एक 'मर्ज', दुसरं 'नंतर बघू'.

पहिली नोंद: महाड, जिल्हा रायगड, एक राउटर. दुसरी नोंद: महाड, जिल्हा रायगड, एक राउटर. दोन्ही इंग्रजी लिपीत. मॉडेल तेच, बसवल्याचं वर्षही तेच. सिस्टीमला तर खात्रीच होती, दोन्ही नोंदींवर हिरवी टिक. पाठीमागून टीम लीडचा आवाज आला, "अगं, कर ना मर्ज. या आठवड्यात डुप्लिकेट शून्यावर आणायचेत."

मी माऊसवरचा हात काढून घेतला. कारण मी पोलादपूरची. एक महाड आमच्या शेजारचं, सावित्रीकाठचं, चवदार तळ्याचं, मुंबई-गोवा हायवेवरचं. दुसरं महड, खोपोलीजवळचं, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं. जिल्हा दोघांचा एकच, रायगड. इंग्रजीत लिहिलं की स्पेलिंगही एकच. मराठीत फरक फक्त एका कान्याचा, पण रस्त्याने गेलात तर शंभरेक किलोमीटरचा.

"नाही करणार," मी म्हटलं. "आधी फोन करते."

तो हसला. "राउटरला फोन?"

हसू दे बापडा. ही अक्कल माझ्याकडेही उपजत नव्हती. ती मला एका ताडपत्रीने शिकवली. पण ती गोष्ट सांगण्याआधी माझं काम काय आहे ते सांगायला हवं. (आईला दहा वर्षं सांगतेय. ती अजूनही शेजारी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते.)

मी सीएमडीबी सांभाळते. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस. नावाला घाबरू नका. हा ऑफिसातल्या यंत्रांचा सातबारा आहे. कुठला सर्व्हर कुठे आहे, त्याचा मालक कोण, त्याच्यावर काय काय चालतं, तो पडला तर कोणाचं काम अडेल, हे सगळं त्यात. सातबाऱ्यावर नाव चुकलं की भावाभावांत कोर्टकचेरी. इथे नाव चुकलं की रात्री दोन वाजता भलत्याच माणसाला फोन, आणि बंद पडलेलं यंत्र तसंच बंद.

आता वाटेल, यंत्रं ती यंत्रं, प्रत्येकाला नंबर असतो, घोळ व्हायचं कारण काय? कारण या सातबाऱ्यात एकटा तलाठी लिहीत नाही. नेटवर्कवर फिरून यंत्रं शोधणारं एक सॉफ्टवेअर लिहितं. खरेदी विभागाची एक्सेल शीट लिहिते. क्लाउडवाले आपलं वेगळं लिहितात. एकाच लॅपटॉपला वायफायचा पत्ता वेगळा, केबलचा वेगळा, की झाल्या दोन नोंदी. उलटंही होतं. एकच डॉक आज माझ्या लॅपटॉपला, उद्या शेजारच्याच्या. डॉकचा पत्ता दोघांच्या नावावर, आणि सिस्टीमला वाटतं लॅपटॉप एकच.

सगळ्यात सॉलिड प्रकार सीरियल नंबरचा. काही कंपन्या मशीन जोडतात आणि सीरियल नंबरची जागा भरायलाच विसरतात. मग तिथे कारखान्यातलं मूळ वाक्य तसंच राहतं: 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे 'उत्पादकाने भरावे'. अशी वीस मशीन्स आली की भोळी सिस्टीम म्हणते, अरे, या सगळ्यांचा नंबर सारखाच, म्हणजे मशीन एकच! वीसची एक करून मोकळी.

हसू येतंय ना? थांबा.

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी, दोघी महाड शहरात शिरल्या. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडी आल्या. मी पुण्यात. घरचा फोन दोन दिवस लागेना. त्या दोन दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही.

फोन लागला, सगळे ठीक आहेत कळलं, आणि मग हात शिवशिवायला लागले. काहीतरी करायला हवं. वरंधा घाट बंद होता, म्हणून ताम्हिणीमार्गे लांबून गेले. कॉलेजचे मित्र मदत गोळा करत होते: ताडपत्र्या, चादरी, तांदूळ, सोलर कंदील. त्यांना चिखल उपसणारे हात मिळाले होते, पण याद्या सांभाळणारं कोणी नव्हतं. "तू डेटावाली ना? तू याद्या बघ."

आपण खूश. हे तर आपलं रोजचंच काम!

डोंगरातल्या एका वाडीच्या तीन याद्या माझ्याकडे आल्या. (वाडीचं नाव मुद्दाम देत नाही.) पहिली गावातल्या पोरांनी घरोघर फिरून वहीत लिहिलेली. दुसरी मुंबई मंडळाची. कोकणातल्या गावाचं मुंबईत मंडळ असतंच, आणि मंडळाकडे वर्गणीची यादी असतेच, बंद घरांसकट. तिसरी फोनवरून आलेल्या निरोपांची. तीन याद्या, एक ट्रक, आणि घरटी एक ताडपत्री.

मी तिन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या. नाव आणि वाडी हे दोन कॉलम निवडले आणि एक्सेलचं बटण दाबलं, 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'. अर्ध्या सेकंदात एक्सेलने सांगितलं, इतक्या नोंदी काढल्या, इतक्या उरल्या. यादी चकाचक. मित्रमंडळींत माझी कॉलर टाइट.

वाडीत आडनाव सगळ्यांचं एकच, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या आजोळी तीच तऱ्हा. पण लॅपटॉप उघडला की माणूस जरा वेगळाच होतो.

आठवडाभराने ट्रकसोबत मी स्वतः वर गेले. ट्रक खालीच थांबतो, पुढे सामान डोक्यावरून. वाडीच्या खालच्या अंगाला एक घर. छपराचा एक कोपरा बसलेला आणि त्यावर खताच्या पोत्यांचं प्लास्टिक दगड ठेवून दाबलेलं. ओट्यावर एक आजोबा.

"आजोबा, ताडपत्री नाही लावलीत?"

"आपलं नाव नव्हतं ना यादीत."

मी लॅपटॉप उघडला. नाव होतं. पुढे टिकही होती, 'मिळाली'. "आहे की नाव! मिळाली असं लिहिलंय."

"ती वरच्या घराची," ते म्हणाले.

मग उलगडा झाला. आजोबांचा एक चुलतभाऊ वरच्या घरात राहतो. दोघांना एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं, आपल्याकडची पद्धतच आहे ती. आडनाव एकच. वडिलांची नावं वेगळी, पण दोन्ही 'रा' ने सुरू होणारी, आणि वहीत पोरांनी घाईत नुसतं 'रा.' लिहिलेलं. आख्ख्या वाडीला ते दोघं 'वरच्या घरचा' आणि 'खालच्या घरचा' म्हणून ठाऊक. पोरांनी दोन ओळी बरोबर लिहिल्या होत्या. त्यातली एक मी पुसली.

"वरचा म्हनत व्हता, अर्धी कापून देतो," आजोबा म्हणाले. "मीच नको म्हटलं. कापली की दोघांची बी जाते."

मला काही सुचेना. चूक झाली, माझ्याकडून झाली, असं काहीतरी पुटपुटले. आजोबांनीच समजूत घातली.

"असू दे बाय. यादीतनं गेलो, गावातनं नाय ना गेलो."

ते सहज बोलले. पण शेजारच्या तालुक्यात तळियेला त्याच दिवसांत वेगळ्या याद्या चालू होत्या: सापडलेले आणि न सापडलेले. काही दिवसांनी शोध थांबवला आणि न सापडलेल्यांना मृत धरलं गेलं. त्या पंधरवड्यात आमच्या भागात यादीतून नाव जाण्याचा अर्थ फार जड होता. आणि मी एका बटणाने एक जिवंत माणूस उडवला होता.

संध्याकाळी मी शहाणपणा म्हणून यादीत जन्मतारखेचा कॉलम वाढवला. घरोघरची आधार कार्डं बघितली. दोन्ही आजोबांची तारीख निघाली १ जून! फक्त त्यांचीच कशाला, वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जून. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी जी तारीख टाकली ती. मला खदखदून हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही. 'उत्पादकाने भरावे' म्हणतात ते हेच की! यंत्राच्या जागी माणसं, एवढंच.

शेवटी कॉलम टाकला तो घराचा: वरचं, खालचं, शाळेजवळचं, पाणवठ्याकडचं. जे वाडी आपलंआपण वापरत होती तेच. एकही गोंधळ उरला नाही.

ताडपत्री कुठून आली तेही ऐका. त्याच यादीत एक काकू दोनदा होत्या. मंडळाच्या यादीत सासरच्या नावाने, आणि त्यांच्या भावाने फोन केला तो माहेरच्या नावाने. लग्नात नाव बदललं की एका बाईच्या दोन नोंदी. नावं वेगळी, म्हणून एक्सेलला त्या दोन बाया वाटल्या. काकूंना दोन ताडपत्र्या गेल्या. त्यांनी एक घडीसकट परत आणली. "घर एकच हाय माझं." तीच खालच्या घरावर चढली.

परतताना गाडीत हाच हिशेब डोक्यात चालू होता. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या, तर एक ताडपत्री जास्त गेली आणि परतही आली. दोन माणसांची एक नोंद केली, तर एक माणूस आठवडाभर पावसात बसला आणि कोणाला पत्ताही लागला नाही. कारण पुसलेली ओळ तक्रार करत नाही. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. पहिली दिसते, दुसरी दिसतच नाही.

तेव्हापासून ऑफिसात माझी पद्धत बदलली. एक: नाव जुळलं म्हणून मर्ज नाही. आधी नंबर, मग पत्ता, मग जागा, आणि 'उत्पादकाने भरावे' छापाचे नंबर ओळख म्हणून बाद. दोन: कोणाचं काय ऐकायचं ते आधी ठरवायचं. यंत्र आत्ता चालू आहे का, हे शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारा, किंमत आणि मालक खरेदीवाल्यांना, आणि ते कुठल्या खोलीत आहे हे तिथल्या माणसाला. मंडळाला वर्गणी माहीत, छप्पर पोरांना माहीत. तीन: शंका असेल तर पुसायचं नाही, खूण करून ठेवायची. आणि मर्ज केलंच तर जुन्या दोन्ही नोंदी जपायच्या, म्हणजे उद्या उसवता येईल.

यात माझं काही मोठं संशोधन नाही हां. आपल्या पूर्वजांनी हे केव्हाच केलंय. पोलादपुरात कापडे बुद्रुक आहे आणि कापडे खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द मूळ फारसी. दोन गावांना एकच नाव आलं तर कोणी एक गाव पुसलं नाही, एक शब्द जोडला. आपणच हल्ली फॉर्म भरताना तो शब्द कंटाळ्याने गाळतो. उलट बाजूही आहेच. १९८१ पर्यंत आमचा जिल्हा कुलाबा होता. जुन्या कागदावर कुलाबा, नव्यावर रायगड. तिथे खरोखरच दोन नावं, एक जागा. तिथे बिनधास्त जोडा. पण काय जोडायचं आणि काय नाही, हे नाव सांगत नाही. माहीतगार माणूस सांगतो.

हां, तर सोमवार. टीम लीड अजून पाठीमागेच उभा होता. मी पहिल्या नोंदीवरच्या नंबरला फोन लावला. ऑफिस बॉय असावा.

"दादा, एक विचारू? तुमच्या दारातून बाहेर बघितलं की काय दिसतं? नदी की देऊळ?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "नदी आहे ना मॅडम, गांधारी. का, पाणी वाढलंय का?"

"नाही हो दादा. सहज विचारलं."

दुसऱ्या नंबरवर एक बाई होत्या. त्यांना प्रश्न पूर्ण विचारायचीही गरज पडली नाही. मागे घंटा वाजत होती.

मी 'नंतर बघू' दाबलं. दोन्ही नोंदींच्या नावापुढे एकेक शब्द जोडला: एकीला 'सावित्रीकाठ', दुसरीला 'वरदविनायक'. त्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये माझे डुप्लिकेट शून्यावर आले नाहीत. एक राहिला.

राहू दे.