पणजीचं नाव

मुलांनो, तुमच्या पणजोबांचं नाव तुम्हांला ठाऊक आहे का? आणि पणजीचं? थांबा, आईला विचारायला धावू नका. आधी माझी फजिती ऐका.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातले धनगर. माझे आबा लहानपणी मेंढरांमागे हिंडले. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि पाऊस तोंडावर आला की गावी परतायचं. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य देत. धनगरांच्या अशा मुक्कामाला वाडा म्हणतात, बरं का! आबांचा जन्म एका वाड्यावरच झाला. शाळेत गुरुजींनी तारीख लावून टाकली, 1 जून!

इंग्लंडात जनगणनेचे जुने कागद शंभर वर्षांनी लोकांना पाहू देतात, असं मी वाचलं. 1921 चे कागद 2022 मध्ये खुले झाले. तिथल्या मेंढपाळाच्या पणतवंडांना घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, जन्मगाव असं सारं सापडतं. म्हटलं, आपणही शोधू! आपल्याकडेही 1881 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत होती.

ग्रंथालयात 1931 चा मुंबई इलाख्याचा अहवाल मिळाला. पानंच्या पानं नुसते आकडे. धनगर किती, त्यांत पुरुष किती, बायका किती, सगळं होतं. नाव मात्र एकाचंही नाही! ग्रंथपाल हसून म्हणाले, "अहो, आपल्याकडे बेरीज झाली की नावांचे कागद जपून ठेवत नसत."

मी हिरमुसून घरी आलो. आबांना सांगितलं, की 26 फेब्रुवारी 1931 च्या रात्री जो जिथे असेल, तिथेच त्याला मोजलं होतं. आबा म्हणाले, "आरं मग गावात कसं घावंल? त्या दिसांत आमचा वाडा गावात असतोय व्हय?"

खरंच की! म्हणजे दहा-बारा वर्षांचे माझे पणजोबा कुठल्या तरी परक्या गावाच्या आकड्यात जाऊन बसले होते.

मग एके दिवशी हेळवी आले. घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी वही उघडली आणि आमच्या सात पिढ्या घडाघडा वाचल्या. पणजोबा सापडले! मी विचारलं, "आणि पणजी?" त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. आमच्या पानावर सगळी पुरुषांचीच नावं.

सरकारनं पणजीला मोजलं, पण नाव ठेवलं नाही. हेळव्यांनी नावं ठेवली, पण तिला गाळलं. आबा मात्र चटकन बोलले, "माझ्या आयचं नाव मला इचार की!" ते नाव मी नव्या वहीत अगदी पहिल्या ओळीवर लिहिलं. आबांचे डोळे भरून आले.

आता जा, विचारा घरच्या म्हाताऱ्या माणसांना. लगेच लिहून ठेवा, नाहीतर राहून जाईल. आणि हो, 2021 ची लांबलेली जनगणना आता 2027 च्या फेब्रुवारीत व्हायची आहे. तेव्हाही कितीतरी वाडे वाटेवरच असतील. तुमच्या शिवारात एखादा उतरला असेल, तर मोजायला आलेल्या गुरुजींना तेवढं सांगाल ना?