थवा उडवू नका, प्लीज!

फ्रीलान्स फोटोग्राफरचा वीकेण्ड पहाटे चारला सुरू होतो. पुण्याहून सोलापूर हायवेने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरतात. मच्छीमारच बोटीतून फिरवतात.

गेल्या थंडीत नावाडीदादा म्हणाले, ‘‘उडवू का साहेब? भारी फोटो येईल!’’ खरंय. खपतात ते उडत्या गुलाबी पंखांचेच फोटो आणि माझं घरभाडं निघतं त्यावरच. पण रोहित चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळतो, तेव्हा कुठे पोट भरतं. त्याचा तो फेमस गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. प्रत्येक बोटीगणिक उडायचं, तर बिचाऱ्याने खायचं कधी?

‘‘नको दादा, वल्हं थांबवा.’’

वीसेक मिनिटांत थवा चरत चरत आपणहून जवळ आला. पाण्यात माना खुपसलेले पक्षी आणि त्यांचं थरथरतं प्रतिबिंब, मस्त फ्रेम! अजून विकली गेलेली नाही, ते सोडा.

तुम्हीही जा. फक्त बोटीत पाय ठेवतानाच सांगून टाका, ‘दादा, उडवायचं नाही हं!’