कुलूप नसलेले घर

ज्या घरात कोणी राहत नाही आणि ज्याच्या दाराला कुलूपही नाही, अशा एका घराची हकिकत आज सांगते.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस गॅलोवे हा डोंगराळ मुलूख आहे. तेथे मेरिक या ८४३ मीटर उंच डोंगराच्या उत्तरेस टनस्कीन नावाचे छोटे दगडी घर आहे. पूर्वी ते मेंढपाळाचे होते. जवळपास वस्ती नाही, पक्की सडक नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची टंचाई पडली, म्हणून १९१९ साली सरकारने वनखाते काढले. पुढे या भागातील चराऊ डोंगर घेऊन त्यावर सूचिपर्णी झाडे लावली गेली. मेंढ्या गेल्या, त्यांच्यामागे मेंढपाळही गेले. रिकाम्या घरांत डोंगर हिंडणारे लोक रात्रीपुरते निजत. अशा निवाऱ्याला तिकडे बॉथी म्हणतात. पण छप्पर गळू लागले तर ते दुरुस्त करणे कोणाचेच काम नव्हते.

१९६५ साली बर्नार्ड हीथ या सायकलवरून डोंगर पालथे घालणाऱ्या गृहस्थाने सोबत्यांच्या मदतीने टनस्कीन दुरुस्त केले. त्याच वर्षी डिसेंबरात माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था निघाली. आज ती सुमारे शंभर घरे सांभाळते. मालकी जमीनदाराचीच राहते; डागडुजी सभासद स्वतःच्या हातांनी करतात. १९९१ साली बर्नार्ड आणि त्यांची पत्नी बेटी यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले.

बॉथीत नळ नाही, वीज नाही, भाडे नाही. पाणी ओढ्याचे. शौचासाठी फावडे घेऊन घरापासून आणि पाण्यापासून दूर जायचे. आपला कचरा आपण परत न्यायचा, आणि निघताना पुढच्या माणसासाठी थोडे सुके सरपण ठेवायचे. तो कोण, केव्हा येईल, ठाऊक नसते. मी जन्मभर नर्सचे काम केले, त्यामुळे मला हे चटकन पटले. रात्रपाळी संपताना आम्ही ड्रेसिंगचा ट्रे भरून ठेवत असू. सकाळी कोणाची ड्यूटी आहे, हे विचारत नसू.

आमच्या रेवदंड्याच्या घराला मंडळी परदेशी आली तेव्हा भक्कम कुलूप लावले होते. चोर कधी आला नाही, पण पाऊस आला. दरवर्षीची शाकारणी थांबली, कौले सरकली, वासे कुजले आणि शेवटी माजघराची भिंत बसली. टनस्कीनची भिंतही दगडाचीच. ती उभी आहे, कारण तेथे कोणी ना कोणी जाते आणि गळती दिसली की कळवते.

आपल्यापैकी ज्यांची घरे गावी अजून उभी आहेत, त्यांनी किल्ली ट्रंकेत जपू नये. शेजाऱ्याला द्यावी, शाळेच्या मास्तरांना द्यावी, कोणाला राहू द्यावे. पावसाळ्याआधी छपराकडे पाहणारा एक माणूस घराला हवाच.