सोनाराचे कान कोणी टोचायचे?

महालक्ष्म्यांचा दिवस. घरात पुरणाचा घाट घातलेला, सोळा भाज्या निवडून ठेवलेल्या, आणि मी मोरीत उभी राहून उजव्या हाताला साबण चोळत होते. आईच्या सोन्याच्या नव्या बांगड्या महालक्ष्म्यांसमोर घालायच्या, असं महिनाभर मनात धरलं होतं. पण बांगडी अंगठ्याच्या सांध्यापाशी जी अडकली, ती पुढं जाईना आणि मागंही येईना. शेवटी सासूबाईंनी तेल लावून ओढली, तेव्हा कातडं सोलून निघाली. सवाष्णींना वाढताना हातात नेहमीच्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि हळदीचं बोट लावलं की सोललेली जागा चुरचुरत होती.

आता मागची गोष्ट सांगते. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. आईच्या वर्षश्राद्धानंतर भावांनी तिच्या पाटल्या माझ्या हाती दिल्या. चौतीस ग्रॅम वजन, जुन्या घडणीच्या. आईचा हात चिमणीएवढा आणि माझा भाकऱ्या थापून थापून रुंदावलेला. त्या मला कशा बसणार? पेटीत ठेवून पूजा करण्यापेक्षा मोडून बांगड्या कराव्या, रोज हातात राहतील, असं ठरवलं. मोडताना जीव तुटला, पण मन घट्ट केलं.

पंचमीला माहेरी गेले तेव्हा भावाबरोबर गंजगोलाईला गेले. १९१७ साली वसवलेल्या या गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यांतल्याच एका बाजूच्या सराफ्यात आमच्या घराचं तीन पिढ्यांचं दुकान. अण्णांच्या वेळपासून तिथंच सगळं. त्यांच्या माणसानं मापाच्या कड्या माझ्या हातात घालून पाहिल्या, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी मला दिली. पुढं बांगड्या तयार झाल्या. भावाला नांदेडला काम होतं, तोच घेऊन आला. "बिल नको म्हटलं गं अक्का, कराचे दहा-बारा हजार वाचले," असं त्यानं कौतुकानं सांगितलं. मीही खूश झाले. सणाची धांदल होती, बांगड्या घालून न पाहताच कपाटात ठेवल्या. म्हणजे चुका आमच्याही दोन झाल्या. त्या आधीच कबूल करते.

सण उरकल्यावर एसटीनं लातूर गाठलं. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर लोहा, अहमदपूर, चाकूर करत इतका प्रवास नुसत्या तक्रारीसाठी झाला नसता. गल्ल्यावर मालकांचा मुलगा होता. बांगड्या पाहून म्हणाला, "ताई, दिवस पावसाळी आहेत. हात सुजला असेल. साबण लावा, चढतील."

मी सोललेला हात दाखवला.

"मग माप तुम्हीच चुकीचं दिलं असेल."

"माप तुमच्या माणसानं घेतलं."

"बिल दाखवा बरं."

बिल कुठून दाखवणार? त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्यानं बोटानं ती दाखवली नाही, पण नजर तिकडं गेलीच. मग उपकार केल्यासारखा म्हणाला, "घरचं नातं आहे म्हणून मोडून मोठ्या करून देतो. घडणावळ तेवढी पुन्हा द्या, आणि एक ग्रॅम घट धरावी लागंल."

एक ग्रॅम! आजच्या भावानं दहा हजारांच्या वरची गोष्ट. पण खरं सांगू? मला पैशापेक्षा दुसरंच लागलं. तो ग्रॅम आईच्या पाटल्यांतला होता. एकदा मोडताना घट गेलीच होती, आता त्यांच्या चुकीपायी पुन्हा खरवडायची? मी काही बोलणार, तोच भावानं खालून पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, "जाऊ दे अक्का. अण्णांच्या वेळचं दुकान आहे. उगं नाव खराब होतं."

कुणाचं नाव, हे त्यानं सांगितलं नाही. बांगड्या पर्समध्ये घालून मी परत आले. ह्यांनीही तेच ऐकवलं, "सोन्याच्या दुकानात बायकांनी भांडायचं नसतं."

रात्रभर झोप नाही. सकाळी आमच्या शेजारच्या वकीलवहिनींकडे गेले. वहिनी नांदेडच्या कोर्टात जातात, पण बोलतात आपल्यासारख्या. मला वाटलं, त्या म्हणतील, 'परत करा आणि पैसे घ्या, कायदा आहे.' त्यांनी आधी माझा भ्रमच मोडला.

"वहिनी, बसत नाही म्हणून वस्तू परत करायचा सरसकट हक्क कायद्यात नाही. तुम्ही दुकानात जाऊन तयार बांगडी पसंत केली, घरी आल्यावर घट्ट वाटली, किंवा रंगच आवडेना, तर परत घेणं ही दुकानदाराची राजीखुशी. त्याच्या बिलावर जी अट छापली असेल ती. पण तुम्ही माप दिलं आणि त्यानं दुसऱ्याच मापाची केली, तर ती त्याच्या कामातली कसूर. तिथं 'विकलेला माल परत नाही' ही पाटी चालत नाही. प्रश्न एवढाच, की माप काय दिलं होतं ते दाखवता येईल का?"

मग त्यांनी कायदा समजावून सांगितला. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ साली झाला. आपण २४ डिसेंबरला ग्राहक दिन पाळतो तो त्याच्याच आठवणीचा. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत ते व्हायला हवं.

"आणि दुकान लातूरला असलं तरी बिघडत नाही," वहिनी म्हणाल्या. "पूर्वी दुकानदार असेल त्या गावी किंवा व्यवहार घडला तिथं जावं लागे. आता ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमची नांदेडच्या जिल्हा आयोगात होईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. मला बोलावू नका म्हणजे झालं!"

आम्ही दोघी हसलो, पण माझं लक्ष त्या मापाच्या चिठ्ठीकडं लागलं होतं. ती गेली कुठं? पर्स पालथी केली, कपाट उपसलं. शेवटी संध्याकाळी वाणसामानाची वही उघडली, तर तूरडाळ आणि गुळाच्या हिशेबात ती घडी घालून ठेवलेली! लातूरच्याच दुकानाचा शिक्का, पाटल्यांचं वजन, तारीख आणि खाली 'बांगडी दोन नग, साइज २-८'.

मैत्रिणींनो, हे आकडे आपण सगळ्याजणी बोलतो, पण त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. २-८ म्हणजे दोन पूर्णांक आठ दशांश नव्हे. पुढचा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो. २-८ म्हणजे दोन इंच आणि आठ सोळांश, सरळ अडीच इंच, आतल्या बाजूनं. २-६ म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश. फरक आठव्या भागाचा, जेमतेम तीन मिलिमीटरचा दिसतो. पण गोलाई धरली तर तोच जवळजवळ एक सेंटिमीटर होतो, आणि तेवढ्यातच अंगठ्याचा सांधा अडतो. मुलीची पट्टी घेऊन बांगडी आतून मोजली. सहा सेंटिमीटर. २-८ ची साडेसहाच्या जरा आत भरायला हवी होती. म्हणजे केली होती २-६!

मुलीनं आणखी एक तपासलं. बांगडीच्या आत भिंगातून बीआयएसचं चिन्ह, '२२के९१६' आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक दिसला. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये तो घातला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. सगळं जुळलं. सोनं खरं होतं. दुकानदार लबाड नव्हता, चूक झाली होती आणि ती मान्य करायची नव्हती, एवढंच. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. पण पत्र लिहायचं मी सोडलं नाही.

पत्र एका पानाचं. अमुक तारखेला पाटल्या दिल्या, चिठ्ठीवर माप २-८, मिळालेल्या बांगड्या २-६ च्या. त्या माझ्याकडून घडणावळ आणि घट न घेता योग्य मापाच्या करून द्याव्या आणि पक्कं बिल द्यावं. पंधरा दिवसांत न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स. मूळ चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायची, हे वहिनींनी दोनदा बजावलं. भांडण नाही, विशेषणं नाहीत. स्पीड पोस्टानं पाठवलं, पावती जपून ठेवली.

चौथ्या दिवशी भावाचा फोन. चांगलाच तापला होता. "आयोग काय, नोटीस काय! बाजारात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." मी म्हटलं, "दादा, आईच्या हातातलं सोनं आहे ते. तुला तिची एक ग्रॅमची किंमत नाही का?" त्यानं फोन ठेवला. आठ दिवस बोलला नाही. त्या आठ दिवसांत मी कितीदा म्हटलं असेल, मरू दे ते सोनं, माहेर तुटायला नको.

नवव्या दिवशी दुकानाचे म्हातारे मालक स्वतः फोनवर आले. "पोरी, तू अण्णाची लेक. चिठ्ठी आधी का दाखवली नाहीस? आमच्याच माणसाचं अक्षर आहे." मी गेले. भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता, गप्प होता, पण आला होता. दुकानात समोर वजन केलं. बांगड्या नव्यानं झाल्या, घडणावळ नाही, घट नाही, पुन्हा हॉलमार्क. यावेळी पक्कं बिल मागितलं, आणि पहिल्यांदा चुकवलेला कर भरला. दहा-बारा हजार वाचले होते ते गेले. ते गेले म्हणून वाईट वाटलं नाही, कारण ते कधी आपले नव्हतेच. मालकांनी बिलावर साइजही लिहून दिली.

माझी चिठ्ठी सापडली नसती तर? पक्क्या बिलाशिवाय माझं तोंड बंदच झालं असतं. म्हणून तुम्हाला चार गोष्टी सांगते. माप देताना अंगठा करंगळीकडे दुमडून सांध्यांवरून हात मोजा, किंवा चांगली बसणारी बांगडी बरोबर न्या. वजन, कॅरेट, घडणावळ, साइज आणि बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्या. दागिना दुकानातच घालून पाहा, भावाबरोबर किंवा नणंदेबरोबर मागवू नका. ऑनलाइन घेतलात आणि सांगितल्यापेक्षा वेगळा आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. अडचण आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण तेवढी वाट पाहू नका. मापाचा वाद जितका शिळा, तितकं 'तुमचाच हात जाड झाला' म्हणायला सोपं.

आई म्हणायची, सोनारानं कान टोचले की दुखत नाहीत. सोनाराचे कान टोचायची वेळ आली तेव्हा मात्र माझ्याच हाताला कापरं भरलं होतं. भावाचं आणि माझं आता पूर्वीसारखं आहे. दिवाळीत भाऊबीजेला तो नांदेडला आला, ओवाळताना माझ्या हातांकडे पाहून म्हणाला, "बसल्या की गं अक्का." मी म्हटलं, "बसल्या." आणि पुढच्या महिन्यात वहिनीसाठी मंगळसूत्र घेतलं, तेव्हा त्यानं मला फोनवर विचारलं, "बिलावर काय काय लिहून घ्यायचं, ते पुन्हा एकदा सांग."