सांगलीचें जुनें घर

सोयरीक करतांना घराणें पाहावें आणि घर घेतांना भुई पाहावी, असें आमचे वडील म्हणत. त्या बोलाचा अनुभव आम्हांस गेल्या वैशाखांत सांगलीस आला.

आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त वीस वर्षें तेथें आहेत. त्यांनीं विश्रामबागेंत एक बेताचें जुनें घर हेरलें होतें. “दादा, तुम्ही एकवार पाहा, मगच विसार देतों,” असा त्यांचा निरोप आला. साताऱ्यांतील वाड्याचा आमचा भाग विकून आलेली रक्कम व आमची निवृत्तीची शिल्लक एकत्र करून विखुरलेलें कुटुंब पुन्हां एका छपराखालीं आणावयाचें, असा बेत होता. चूक झाल्यास ती निस्तरण्याइतका पैसा किंवा आयुष्य आमच्यापाशीं उरलेलें नव्हतें.

आम्ही सातारकर घर पाहतों तें भूकंपाच्या धास्तीनें. शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलें, तेव्हां पुराचें भय नाहीं. परंतु ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेचा कोयनेचा धक्का जुन्या माणसांच्या अजून स्मरणांत आहे. शाहूपुरी असो वा सदर बझार, आमची दृष्टि प्रथम दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांकडे जाते. तेथून तिरपी वर चढणारी रुंद भेग दिसली, तर जाणत्या गवंड्यास दाखविल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. गिलाव्यावरील केसासारख्या रेघांस मात्र भिण्याचें कारण नाहीं.

सांगलीस भय निराळें. साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला वेण्णा मिळते, कराडास कोयना मिळते आणि सांगलीच्या खालीं हरिपुरास वारणा. वारणा फुगली कीं कृष्णेच्या पाण्यास पुढें वाट मिळेनाशी होते व तें शहरांत पसरतें. १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाण्यानें ५७ फुटांची खूण ओलांडली. २००५ व २०२१ सालींहि पुरानें लोकांस घराबाहेर काढलें. म्हणून नदीकांठापासून दूर, १९१९ सालीं स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाच्या बाजूच्या या वस्तीकडे लोकांचा ओढा आहे.

घर तीन खोल्यांचें, मंगळुरी कौलांचें. पुढें ओटी, मागें विहीर व कडुनिंब. भिंतींस नुकताच रंग दिलेला होता, त्यामुळें आमचा संशय बळावला. हातांतील काठीनें भिंती ठोकून पाहिल्या. तुळयांच्या टोकांस दाभण टोंचून वाळवीचा शोध घेतला. लांकूड खणखणीत निघालें. मागची भिंत मात्र खचली होती. खालीं काळी माती. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आक्रसते व उथळ पाया हालवते. दुरुस्तीचा अंदाज काढून तो किंमतींतून वजा करावा, असें आम्ही ठरविलें. जुन्या घराचें मोल मुख्यत्वें जमिनीचें असतें, रंगाचें नव्हे.

पुराविषयीं दलालास न विचारतां शेजारच्या ऐंशीच्या घरांतील एका बाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, “पाणी इथवर आलं नाही हो, माणसं आली. या घरांत गांवभागांतली चार बिऱ्हाडं पंधरा दिवस राहिली. विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांचं भागलं.” बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. घर त्यांच्या मनांत भरलें होतें. खरें सांगावयाचें तर आमच्याहि.

कागद पाहूं लागलों तेव्हां पाय अडखळला. मिळकत-पत्रिकेवर दिवंगत मालकांचेंच नांव होतें. विकणारे दोघे मुलगे; बहिणीचा पत्ता नाहीं. “तिची सही काय, मागाहून होईल,” असें दलाल म्हणाले. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस पित्याच्या मिळकतीची वारस केलें आहे व २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत जन्मापासून पुत्राइतका हक्क दिला आहे. बहिणीच्या संमतीवांचून विसार नाहीं, असें आम्ही स्पष्ट सांगितलें.

परततांना गाडींत आमचाच शब्द आम्हांस टोंचूं लागला. वाडा विकण्यापूर्वीं आमच्या धाकट्या बहिणीनेंहि हक्कसोडपत्रावर मुकाट्यानें सही केली होती. कागद बिनचूक होता. तिचें मन मात्र आम्ही विचारलें नव्हतें. परक्या बहिणीसाठीं कायदा सांगणारे आम्ही आपल्या बहिणीच्या पैशानें घर घ्यावयास निघालों होतों.

दोन महिन्यांनीं त्या बाई मिरजेहून आल्या, आपला हिस्सा घेऊन त्यांनीं सही केली. खरेदीखत झालें. त्यावर खरेदीदार म्हणून तीन नांवें आहेत: आमचें, बंधूंचें आणि आमच्या बहिणीचें. तिसरें नांव वाचून तिनें इतकेंच विचारलें, “दादा, मागच्या भिंतीचं काम कधी काढायचं?”