लागणे

ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या महाकोशात सर्वांत लांब नोंद आहे ती ‘सेट’ या चिमुकल्या क्रियापदाची. हे ऐकून आपण तोंडात बोट घालतो. पण आपल्या घरातल्या ‘लागणे’कडे कुणाचे लक्ष जाते?

भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते. दिवा लागला की उजेड होतो आणि डोळा लागला की अंधार! चहा गोड लागतो. बोलणे मात्र नुसतेच लागते. मामी आपली कोण लागते, हे सांगायलाही तेच क्रियापद हजर!

आम्हां सोलापूरकरांचा तर इतिहासच त्याने सांगावा. १८७७ साली जुनी मिल निघाली आणि माणसे कामाला लागली. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. ते गावाच्या मनाला कायमचे लागले. पुढे गिरण्यांना टाळे लागले आणि किती संसार देशोधडीला लागले!

गंमत अशी, की यात कर्तेपण आपल्याकडे नसतेच. ‘मला भूक लागली’ यात कर्ता भूक. मी नुसता ‘मला’. आपल्यावर येऊन पडणाऱ्या साऱ्या सुखदुःखांना मराठीने हा एकच शब्द दिला आहे.

दिवाळीत दारोदार पणत्या लागतात आणि परगावच्या लेकरांना घराची ओढ लागते. पणत्या आपण लावतो म्हणून लागतात. ओढ मात्र कुणी न लावताच लागते.